नमुना लोकरीचा, कापड दुसरंच

लोकरीचं म्हणून घेतलेल्या कापडाचा पिनाफोर (ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा झगा) बेतून झाला होता, टक्स (आकार देण्यासाठी घातलेल्या निमुळत्या चिमट्या) घालून झाले होते, अस्तरही कापून तयार होतं. फसवणूक कळली ती इस्त्रीच्या टेबलावर.

छातीच्या टकाचं टोक लोकरीत छान बसतं. खाली घट्ट उशी घ्यायची, वर ओलं फडकं टाकायचं आणि वाफ द्यायची. लोकर आक्रसते, टोकाशी आलेला फुगा जिरतो आणि कापड गार होईपर्यंत हलवलं नाही तर तो आकार टिकतो. लोकर शिवायला मला आवडते ती यासाठीच. माझा फुगा काही जिरेना. पुन्हा वाफ दिली, इस्त्री जरा वाढवली, तर तेवढा भाग चपटा आणि चकचकीत झाला. भिजल्या लोकरीला मेंढीचा वास येतो. इथे तापलेल्या प्लॅस्टिकचा आला.

मी कापड न पारखता घेतलं, असं कोणाला वाटू नये. ऑनलाइन विक्रेत्याकडून आधी तळहाताएवढा नमुना मागवला होता आणि त्याचे धागे जाळून पाहिले होते. धागा सावकाश जळाला, ज्योतीतून बाहेर काढताच विझला, केस जळाल्यासारखा वास आला आणि राहिलेली काळी राख चिमटीत भुगा झाली. अस्सल लोकर. “ताई, शंभर टक्के प्युअर वूल, याच ताग्यातलं पाठवतो,” असं त्याने कळवलं आणि मी 2 मीटरचे पैसे आगाऊ भरले.

आलेलं कापड त्याच तपकिरी रंगाचं, तशाच तिरप्या विणीचं होतं. काठावर सोनेरी अक्षरांत ‘सुपर 120’ छापलेलं. ते वाचून मी निर्धास्त झाले, आणि इथेच चुकले. ‘सुपर’चा आकडा लोकरीच्या तंतूची बारकाई सांगतो, आकडा जितका मोठा, तितका तंतू बारीक आणि मऊ. माझं कापड बोटांना चरचरीत लागत होतं. म्हणजे काठ एक सांगत होता आणि हात दुसरंच सांगत होता. काठावर काहीही छापता येतं. मी हाताचं ऐकायला हवं होतं, आणि मुख्य म्हणजे जी परीक्षा नमुन्याची घेतली तीच या कापडाची घ्यायला हवी होती. घेतली नाही. एकदा खात्री झाली आहे, मग पुन्हा कशाला, असं वाटलं.

टक बिघडल्यावर मात्र कातरणातले उभे आणि आडवे धागे वेगळे काढून जाळले. उभा धागा ज्योतीपासून मागे सरला, वितळला, काळा धूर सोडून टोकाला टणक मणी झाला. पॉलिएस्टर. आडवा धागा जास्त फसवा होता, कारण त्याला केसांचाच वास आला. पण राख चुरडायला गेले तर बोटांखाली कडक खडे राहिले. कृत्रिम धाग्यात थोडी लोकर मिसळलेली असली तरी वास तिचा येऊ शकतो, म्हणून नुसत्या नाकावर विसंबू नका. राख चुरडून बघा. धागे चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर जाळा, शेजारी पाणी ठेवा.

मग शेवटची खात्री केली. दोन काचेच्या वाट्यांत घरातलं क्लोरीनचं ब्लीच घेतलं, एकीत नमुन्याचा उरलेला तुकडा टाकला, दुसरीत आलेल्या कापडाचा. (खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही साफ करायचं द्रव्य चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.) लोकर म्हणजे प्रथिन, ती ब्लीचमध्ये विरघळते, पॉलिएस्टर, ॲक्रिलिक विरघळत नाही. सकाळी पहिल्या वाटीत काहीच नव्हतं. दुसरीत धाग्यांची जाळी तशीच होती.

फोटो पाठवल्यावर विक्रेता आधी म्हणाला, इस्त्री जास्त तापली असेल. मग म्हणाला, थोडं मिक्स असतंच ताई. शेवटी, कापलेलं कापड परत घेत नाही. पावती काढून बघितली तर तिच्यावर फक्त ‘विंटर सूटिंग, तपकिरी, 2 मीटर’. लोकर हा शब्दच नाही. जिथून खरेदी केली तिथे तक्रार केली, त्यांनी न कापलेल्या कापडाचे फोटो मागितले. ते माझ्याकडे कुठून असणार?

म्हणून पैसे भरण्याआधी पावतीवर ‘100 टक्के लोकर’ लिहून मागा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या. लोकरीचं कापड बेतण्याआधी वाफ देऊन आक्रसवून घ्यावंच लागतं, तेव्हा त्याच वेळी एका कोपऱ्यातले धागे तपासा. हे सगळं कात्री लावायच्या आधी.

मला सगळ्यात जास्त लागलं ते कापडापेक्षा कष्टांचं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा शोषते आणि तरी ओली लागत नाही, म्हणून थंडीत तिच्यात ऊब मिळते पण कोंडल्यासारखं होत नाही. त्यासाठीच अस्तर ओलावा शोषणाऱ्या व्हिस्कोसचं निवडलं होतं, पाठीच्या मध्यावर हालचालीला जागा राहावी म्हणून चूण सोडली होती, मुंड्याची पट्टी हाताने टाचली होती. चार संध्याकाळी गेल्या. अस्तर चांगलं आहे, ते उसवून घडी करून ठेवलं आहे. बाकीचं अंगात घालवत नाही.

परवा त्याच कापडाचा फोटो पुन्हा दिसला. तीच घडी, कोपऱ्यात तीच कात्री, विक्रेत्याचं नाव मात्र वेगळं. खाली लिहिलं होतं, नमुना मोफत पाठवू.