पंधरा-वीस हजारांतला प्रोजेक्टर आणि गोव्याचा पावसाळा

फोंड्याच्या घरी माडीवरची खोली रिकामी पडलेली, तिथे थिएटर करायचं ठरलं, बजेट जास्तीत जास्त वीस हजार. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण या किमतीतले बरेच डबे चीनमधल्या त्याच त्या कारखान्यांतून येतात आणि इथे वेगवेगळी नावं लावून विकले जातात, त्यामुळे नावापेक्षा आत काय आहे ते बघितलेलं बरं. मी घेतला तो एलईडीवाला, एकाच एलसीडी पॅनलचा (चित्र तयार होतं ती आतली काच), नेटिव्ह 1080पी म्हणजे पॅनलवरच तेवढं रिझोल्यूशन असलेला, आणि सील्ड म्हणजे बंद इंजिनचा. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, निदान आपल्या गोव्यात तरी.

स्वस्त प्रोजेक्टरमध्ये पॅनल थंड ठेवायला पंखा बाहेरची हवा थेट त्याच्यावर मारतो, आणि हवेबरोबर धूळ, चिलटं, ओल सगळं आत. मग आकाश किंवा क्रिकेटचं मैदान दिसलं की पडद्यावर काळपट धुरकट ठिपके, जे बाहेरून लेन्स कितीही पुसली तरी जात नाहीत कारण घाण आत पॅनलवर असते. पहिल्या पावसात दिवा दिसला की पाखरांची काय झुंबड उडते हे आपल्याला सांगायला नको. सील्ड इंजिनमध्ये पॅनल आणि लेन्समधला भाग बंद असतो, बाहेरची हवा तिथे जात नाही. या पावसाळ्यात माडीवर कपाटातल्या चपलांना बुरशी आली पण पडद्यावर अजून एक ठिपका नाही. तरी आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवतोच, उष्णतेने आतली ओल जाते.

आता स्टिकरचं. खोक्यावर 'फोर-के सपोर्ट' म्हणजे तो फोर-के फाइल घेतो, दाखवतो आपल्या पॅनलवर असतील तेवढ्याच पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या बारीक ठिपक्यांत. विचारायचं ते नेटिव्ह किती, 1920 बाय 1080 ऐकू आलं तरच पुढे बोलायचं. लुमेनचं, म्हणजे उजेडाच्या मापाचं, तर विचारूच नका, दहा-बारा हजार लुमेन छापलेले डबे बघितले, अरे तेवढा उजेड तर मोठ्या हॉलमधल्या प्रोजेक्टरचा असतो! अन्सी लुमेन विचारायचे, पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात तो आकडा. या रेंजमध्ये अन्सी तीनशे-चारशे खरे मिळाले तरी खूप झालं.

मडगावच्या एका दुकानात डेमोला नेहमीचा तो समुद्रातल्या रंगीत माशांचा व्हिडिओ, त्यात काहीही छानच दिसतं. मी मोबाईल जोडून बारीक अक्षरांचं पांढरं पान लावायला सांगितलं. एका मॉडेलची मधली अक्षरं चकचकीत आणि कोपऱ्यातली पार पुसट, मधली फोकस केली की कोपरे जायचे, कोपरे आणले की मधली. दुसऱ्यात पांढऱ्याला एका बाजूने जांभळी झाक. दुकानदार म्हणाला, 'भाऊ, पिक्चर बघताना कोण कोपऱ्यात बघतो?' खालच्या सबटायटलचं काय मग? मी घेतला त्याचे कोपरेही थोडे मऊ आहेत पण वाचता येतात.

साइज. शंभर इंच म्हणजे साधारण सव्वासात फूट रुंद, ऐंशी म्हणजे पावणेसहा फूट. शंभरवर तोच उजेड दीडपटीहून जास्त जागेत पसरतो, चित्र लगेच फिकं. म्हणून मी ऐंशीवर थांबलो. प्रोजेक्टर समोर सरळ ठेवा, तिरका ठेवून कीस्टोन या सेटिंगने चित्र चौकोनी केलं की पॅनलचे पिक्सेल वाया जातात. भिंतीवर दाखवायचा विचार होता पण आमची पश्चिमेची भिंत जूनमध्ये ओली होऊन पोपडे धरते, त्यामुळे गुंडाळायचा मॅट पांढरा पडदा घेतला. कौलांच्या फटीतून दिवसा उजेड येतो, त्यामुळे दुपारची मॅच यावर विसरा, ती खाली टीव्हीवरच. दिवेलागणीनंतर मात्र मजा येते, चवथीला सगळी पोरं माडीवरच होती, आरतीला हाका मारून खाली आणावी लागली.

लाइट गेली तरी चालतो, कारण एलईडीवाला शंभर वॉटच्या आसपास खातो, घरचा इन्व्हर्टर सहज ओढतो. दिवेवाले मोठे प्रोजेक्टर अडीचशे-तीनशे वॉटवर जातात आणि पुढे दिवा बदलायचा खर्च वेगळा.

उणी बाजू म्हणजे, काळा रंग काळा नाही, करडा. रात्रीचे सीन आले की कोण कुठे पळतोय ते अंदाजानेच. पंख्याचा आवाज शांत सीनमध्ये ऐकू येतो. आतला स्पीकर नावापुरता, वायरने जुना होम थिएटर जोडलाय, ब्लूटूथवर ओठ आणि आवाज मागेपुढे व्हायचे. आतलं अँड्रॉइड तर संथच, नेटफ्लिक्ससारखी अॅप्स सर्टिफाइड नसलेल्या डब्यात नीट चालत नाहीत किंवा एचडी देत नाहीत, तेव्हा ही अॅप्स चालवणाऱ्या वेगळ्या स्ट्रीमिंग स्टिकचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

आणखी एक, 22 सप्टेंबर 2025 पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, जुन्या एमआरपीचं खोकं पुढे केलं तर बिलात कर किती लावला ते बघा. आणि पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटर गोव्यात आहे का ते विचारून घ्या, नसेल तर कुरियरचा खर्च कोणाचा हे बिलावर लिहून घ्या.