गुडघ्याला कुठला सेन्सर: रेझिस्टिव्ह की कपॅसिटिव्ह?
गुडघा किती वाकतो ते मोजायला मी आधी कार्बन मिसळलेली रबराची दोरी लावली, म्हणजे रेझिस्टिव्ह सेन्सर, ताणली की रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो, एक साधा रेझिस्टर आणि आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) एवढ्यात काम होतं, स्वस्त पण आहे. पण पाय सरळ केला तरी आकडा लगेच मूळ जागी येतच नाही, हळूहळू सरकत बसतो, वैताग नुसता!

कपॅसिटिव्हमध्ये दोन लवचिक इलेक्ट्रोडच्या मधे सिलिकॉन रबर असतं, ताणलं की ते पातळ होतं, एरिया वाढतो, कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) वाढतो. गेज फॅक्टर (ताणाच्या मानाने रीडिंग किती बदलतं ते) जेमतेम 1 च्या आसपास, पण रीडिंग सरळ रेषेत. फक्त शिल्डिंग (बाहेरचा विद्युत परिणाम अडवणारं आवरण) हवं, नाहीतर नुसता हात जवळ नेला तरी आकडा उड्या मारतो. नुसती पावलं मोजायची तर दोरी चालेल, अँगल पाहिजे तर कपॅसिटिव्हच.