भोसरीत प्लेटवाला चिलर वापरून आठ महिने झाले, माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, दिवाळीनंतर जुना शेल अँड ट्यूबवाला (गोल टाकीत नळ्यांचा जुडगा) चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं मशीन, काढून ब्रेझ्ड प्लेट इव्हॅपोरेटरवाला (कायमच्या जोडलेल्या पातळ प्लेटा, त्यांच्यात गॅस उकळून पाणी थंड होतं) घेतला, थंड करणारा गॅस आर-१३४ए.

थंड करायला एक नंबर. ७ डिग्रीचं पाणी काढायला जुन्यात गॅस शून्याच्या आसपास उकळवावा लागायचा, ह्यात ३-४ डिग्रीला भागतं, म्हणजे कॉम्प्रेसरवर ताण कमी आणि लाईट बिलात फरक कळतो. प्लेटांवर माशाच्या काट्यासारखी नक्षी असते, तिच्यामुळे पाणी आणि गॅस दोन्ही घुसळून निघतात.

पण ती नक्षी प्रेशर खाते, ह्यालाच ड्रॉप म्हणतात. प्रवाहाला जितकी आडवी तितकी उष्णता जास्त ओढते आणि ड्रॉपही तितकाच वाढवते. गॅस खालून शिरतो, वर चढताना त्याची वाफ होत जाते, वाफेला जागा जास्त लागते म्हणून वेग वाढतो आणि जास्तीचा ड्रॉप वरच्या टप्प्यात पडतो. १३४ए मध्ये ०.१ बार गेला की उकळायचं तापमान जवळपास १ डिग्री उतरतं, ४१०ए ह्या दुसऱ्या गॅसमध्ये तेवढ्याच ड्रॉपला निम्म्याहून कमी उतरतं. त्यामुळे दुसऱ्या गॅसचं सिलेक्शन बघून प्लेटा ठरवू नका. ड्रॉप कमी करायला नुसत्या प्लेटा वाढवूनही भागत नाही, गॅस सगळीकडे सारखा वाटला जात नाही.

खरा त्रास एप्रिलात झाला, मशीन रोज दुपारी लो प्रेशरला ट्रिप, म्हणजे गॅसचं प्रेशर फार उतरलं की आपोआप बंद. सप्लायरचा माणूस गॅस कमी आहे म्हणून भरून पैसे घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी परत तेच. आमच्या फिटरने पाण्याच्या इन-आउटला गेज लावून बघितलं तर पाण्याचा ड्रॉप दुपटीच्या वर, म्हणजे पाणी आत अडत होतं, स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) बसवलेलाच नव्हता! पाणी उलटं सोडलं तेव्हा बादलीत गंजाचे पापुद्रे आणि टेफ्लॉन टेपच्या चिंध्या. प्लेटांमधे पाणी अगदी थोडं असतं, फ्लो पडला की लगेच बर्फ होतो, प्लेट फाटली तर पाणी थेट कॉम्प्रेसरात. फ्लो स्विचशिवाय (पाणी कमी पडलं की मशीन बंद करणारा स्विच) मशीन ताब्यातच घेऊ नका.

कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) मात्र शेल अँड ट्यूबच ठेवलाय, त्याचं पाणी गार करणाऱ्या टॉवरला बोअरचं क्षाराचं पाणी आहे, ट्यूब ब्रशने घासता येते, ब्रेझ्ड प्लेट उघडताच येत नाही, फक्त ॲसिड फिरवायचं. गेज तसेच ठेवलेत, स्वच्छ असताना ०.३ बार दाखवतात, ०.५ दिसले की त्याच दिवशी पाणी उलटं सोडतो.