कुजलेल्या कॅक्टसवर इलाज करणारी घोडबंदरची नर्सरी

पाचपैकी चार तारे. मेलेला कॅक्टस जिवंत करून देतो असं इथे कोणी सांगत नाही, उलट बऱ्याच जणांना कुंडी उतरवायच्या आत परत पाठवतात. मला जागा आवडली ती त्यामुळेच.

नर्सरी ठाण्यात घोडबंदर रोडला, ओवळ्याच्या बाजूला आहे. नाव टाकत नाही, कारण मालक काकांनीच सांगितलं, "ताई, नाव नका लिहू. गणपती झाले की आधीच लोक कुंड्या घेऊन उभे असतात, आणि हे काम करणारा मी एकटा." वर्तकनगर, मानपाड्याकडच्या कुठल्याही जुन्या माळीदादांना विचारलंत तर ते बरोबर पोचवतील.

गणपतीनंतरच गर्दी का, ते आमच्याच घरावरून सांगते. आम्ही गावी गेलो की समोरच्या काकू तुळशीला पाणी घालतात. माया इतकी, की तुळशीबरोबर शेजारच्या गोल्डन बॅरल नावाच्या गोल कॅक्टसलाही रोज तांब्याभर मिळतं. हा बॅरल माझ्या सासऱ्यांनी लावलेला, आता चांगला पातेल्याएवढा झालाय. भाद्रपदातली हवा आधीच दमट, ऊन नाही, त्यात रोजचा तांब्या. आलो तेव्हा तो एका बाजूला कलला होता आणि बुडाशी पिवळट-तपकिरी डाग होता. काकूंना काही बोलण्यात अर्थ नव्हता. "सुकल्यासारखा दिसत होता गं, म्हणून जरा जास्तच घातलं," त्या म्हणाल्या.

काकूंची यात तशी चूकही नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरून मरतात, बुरशी शिरते, आणि मुळंच नसल्यावर झाड पाण्यात उभं राहून सुकतं. वरून बघणाऱ्याला वाटतं तहान लागलीय. फरक हाताला कळतो. तहानलेला कॅक्टस सगळीकडून सारखा आक्रसतो, कंगोरे जवळ येतात, पण अंग चिवट राहतं. सडलेला एकाच जागी मऊ पडतो, तिथली साल पाणी भरल्यासारखी दिसते आणि आंबूस वास येतो. काकांनी मला पहिल्या दोन मिनिटांत हेच दाखवलं. आधी बुडाशी अंगठा, मग नाक, मग शेंडा. शेंडा घट्ट आणि त्यावरची लोकरीसारखी लव स्वच्छ असेल तरच पुढचं बोलणं. माझ्या पुढे एक मुलगा उंच, खांबासारखा कॅक्टस घेऊन आला होता. त्याचा शेंडाच काळा पडलेला. काकांनी त्याला सरळ सांगितलं, "हा घरी ठेवू नका, बाकीच्या कुंड्यांपासून लांब टाका," आणि पैसे घेतले नाहीत. माझ्या बॅरलला म्हणाले, "पन्नास टक्के. हा जातीनेच मुळं धरायला आळशी. चालेल?" चालेल म्हटलं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केलेली, त्यामुळे कोणी काही कापायला घेतलं की माझी नजर आधी हत्याराकडे जाते. इथे सुरी लांब पात्याची, धार लावलेली, आणि प्रत्येक कापानंतर स्पिरिटचा बोळा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक! मधेच कोणी मोगऱ्याचा भाव विचारायला आलं तरी बोळा चुकला नाही. आमच्या लॅबमधल्या काही मुलांना इथे पाठवायला हवं होतं.

बॅरल वर्तमानपत्राच्या जाड घडीत धरून आडवा केला. मुळांच्या जागी चिखल. पहिला काप गेला तो सगळा तपकिरी, लोण्यासारखा. दुसऱ्या कापात कडेचा गर हिरवट-पांढरा, पण मधोमध एक गोल कडं असतं ना, झाडाच्या शिरांचं, त्यावर विटकरी ठिपके. मला वाटलं झालं, थांबा आता. काका म्हणाले, "हे ठिपके राहिले तर पंधरा दिवसांत परत येता तुम्ही." मग आणखी एक चकती, पातळ, मग आणखी एक. पातेल्याची तपेली होईपर्यंत कापलं, तेव्हा कुठे कडं एकदम कोरं निघालं. त्या चकत्या त्यांनी ओळीने मांडून मला दाखवल्या, ठिपके कसे विरळ होत गेले ते. एवढं करायची गरज नव्हती, पण मला तीच त्यांची पावती वाटली.

त्यानंतर एक गोष्ट केली जी मी आधी कुठे पाहिली नव्हती. कापाची कड चारी बाजूंनी तिरकी तासली, पेन्सिलीला टोक काढताना तासतो तशी. कारण विचारलं. गर सुकताना आत ओढला जातो, साल मात्र ताठ राहते. कड तासली नाही तर मधलं कडं खोल जातं, आणि नवी मुळं तिथूनच फुटायची असल्यामुळे ती मातीला टेकत नाहीत. वर गंधकाची पावडर चोळली. बाविस्टिन, साफ वगैरे बुरशीनाशकं त्यांच्या फळीवर आहेत, पण शिरलेली सड औषधाने बरी होत नाही, ती कापावीच लागते, हे त्यांनी स्वतः सांगितलं. विकायला ठेवलेल्या मालाबद्दल असं बोलणारा दुकानदार विरळाच.

मग बॅरल रिकाम्या कुंडीच्या तोंडावर बसवून मागच्या शेडमध्ये, टेबलफॅनसमोर. ठाण्याच्या पावसाळी हवेत उघडा काप सुकणं कठीण, म्हणून पंखा. लहान कॅक्टसला आठ-दहा दिवस पुरतात, मोठ्या कापाला खपली धरायला तीन-चार आठवडे जातात. तेवढे दिवस ते ठेवून घेतात. नंतर भरड मिश्रणावर नुसता टेकवायचा: चाळलेला विटेचा चुरा, जाड रेती, थोडा कोळसा, नावापुरतं गांडूळखत. मुळं फुटेपर्यंत थेंबभर पाणी नाही. फुटली का ते बघायला हलकेच ओढायचं, अडकल्यासारखं वाटलं की पहिलं पाणी. आमच्या बॅरलने थंडी सरेपर्यंत वाट पाहायला लावली, पण मुळं धरलीन एकदाची.

जाता जाता: हा गोल्डन बॅरल मूळचा मेक्सिकोचा, आणि रानात तो आता धोक्यात आलेल्या जातींत मोजला जातो. त्याचा तिथला बराच अधिवास झिमापान धरणाच्या पाण्याखाली गेला. याच्या नशिबात पाणीच आडवं येतं म्हणायचं.

लेकीचा मून कॅक्टसही सोबत नेला होता, तो लाल गोळा हिरव्या दांड्यावर बसवलेला असतो तो. त्याचं गणित वेगळं. लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, त्यामुळे तो स्वतःच्या मुळावर जगू शकत नाही. खालचा खुंट बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटचा असतो आणि सडतो तो खुंट. काकांनी गोळा कापून नव्या खुंटावर कलम केला, दोन्हीकडची कडी एकमेकांवर येतील असा बसवून वरून रबरबँड. धरला, पण थोडा वाकडा. लेक म्हणते टोपी तिरकी घातल्यासारखा दिसतो. अर्धा गुण इथे गेला.

दुसरा अर्धा गुण जास्त रागाने कापलाय. मागे शेडमध्ये विटेचा चुरा आणि पुढे दुकानात काय? कोकोपीटमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या नारळाच्या भुश्यात, घट्ट दाबलेले कॅक्टस, भोक नसलेल्या चिनी मातीच्या कुंड्या, वर गोंदाने चिकटवलेले पांढरे खडे. काहींवर तर सुकी रंगीत फुलं गरम गोंदाने डकवलेली. म्हणजे पुढे आजारी पाडायचं आणि मागे इलाज करायचा. मी तोंडावर विचारलं. काका ओशाळून हसले, "ताई, गिऱ्हाईक तेच उचलतं. रिटर्न गिफ्टला मातीची कुंडी कोण नेतं?" उत्तर खरं आहे, तरी पटलं नाही. घेतलाच असा कॅक्टस तर घरी आणून खडे उपटा, कोकोपीट मुळांवरून झटकून टाका आणि भोकाच्या मातीच्या कुंडीत लावा.

मुलाने ऑनलाइन मागवलेला ओलावा मोजायचा काटा मी सोबत नेला होता. काकांनी तो विटेच्या ओल्या चुऱ्यात खुपसला, काटा "कोरडं" वर. ही स्वस्तातली यंत्रं मातीतून वीज किती वाहते त्यावर चालतात, आणि भरड मिश्रणात सळीला धड स्पर्शच होत नाही. त्यापेक्षा बांबूची काडी तळापर्यंत घालून ठेवायची, थोड्या वेळाने काढून गालाला लावायची. गार लागली तर पाणी नको.

आता कामाचं. बॅरलच्या कापाकापीचे दीडशे घेतले, कलमाचे ऐंशी, कुंडी आणि मिश्रण वेगळं. न जगल्यास पैसे परत नाहीत, हे आधीच सांगतात. ठेवून घेतलेल्या झाडाला चिठ्ठी लावत नाहीत, तेव्हा कुंडीवर मार्करने स्वतःचं नाव घाला. मागे एकसारखे दहा बॅरल ओळीत बसलेले असतात. झाड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून नेऊ नका, मातीतून उपटून कागदात गुंडाळून न्या. फोन उचलत नाहीत. रविवारी जाऊ नका, त्या दिवशी काका गुलाब विकण्यात असतात आणि सुरीला हात लावत नाहीत. डास भरपूर, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं.