जेएम रोडचा फुटपाथ चार स्टार, सायकल ट्रॅक दीड

मिसळीचे रिव्ह्यू टाकतात, कुरियरवाल्याचे टाकतात, पण फुटपाथचा रिव्ह्यू टाकताना कोणी दिसत नाही. खरं तर तो आपण आधीच पैसे भरून घेतलेला माल आहे, दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातून वसूल होतो, आणि रिटर्नची सोय नाही. म्हणून म्हटलं जंगली महाराज रस्त्याचा टाकूया, कारण पुण्यात "रस्ता नीट केला म्हणजे काय केलं" हे कोणाला दाखवायचं तर सगळे तिथेच नेतात. मी तिथे दोन प्रकारे असते, आईबरोबर चालत आणि एकटी असेन तेव्हा सायकलवर, आणि या दोन्हीचा अनुभव इतका वेगळा आहे की मार्कही वेगळेच द्यावे लागतायत.

हा रस्ता तसा आधीपासूनच फेमस. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीनं बांधला, दहा वर्षांची गॅरंटी दिली आणि गॅरंटी संपून कैक वर्षं झाली तरी खड्डा पडेना, ही गोष्ट पुण्यात प्रत्येकाने कोणा ना कोणा काकांकडून ऐकलेली असते. पण ते सगळं कौतुक मधल्या डांबराचं, म्हणजे गाड्यांचं. कडेनं चालणाऱ्याचा नंबर लागला तो २०१६ नंतर, महापालिकेनं रस्त्यांच्या डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं केली आणि जेएम रोड त्यातला पहिल्या काही रस्त्यांपैकी एक म्हणून हातात घेतला तेव्हा.

आता फुटपाथ. भारी आहे, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. वडाची जुनी झाडं न तोडता त्यांच्या आजूबाजूनं फरशी घातलीये, बसायला बाक आहेत, मध्ये मध्ये पोरांना चढायला-लटकायला काहीबाही केलंय, आणि रुंदी इतकी आहे की चौघी जणी गप्पा मारत शेजारी शेजारी चालू शकतात आणि समोरून येणाऱ्याला खाली उतरावं लागत नाही. माझी टेस्ट म्हणजे आई. आमच्या पेठेत आई चालते ती कायम खाली बघून, कारण पेव्हर ब्लॉक कुठला हलतोय, चेंबरचं झाकण कुठे वर आलंय, कुठल्या दुकानाची पायरी बाहेर आलीये हे बघितलं नाही तर संपलं, आणि तिच्या गुडघ्याला आता रिस्क घेणं परवडत नाही. जेएम रोडवर ती मान वर करून चालते, आणि मान वर केली की दुकानांच्या पाट्या वाचते, तेही मोठ्यानं, प्रत्येक पाटी, भावासकट. वैताग येतो पण हेच खरं सर्टिफिकेट आहे, माणूस पायाखालचं विसरला की समजावं फुटपाथ जमलाय.

एवढी जागा आली कुठून, असं बरेच जण विचारतात, आणि लगेच पुढचं वाक्य असतं की गाड्यांचा रस्ता खाल्ला. तसं नाहीये. आपल्याकडे बहुतेक रस्ते कुठे रुंद कुठे अरुंद असतात, एका ठिकाणी तीन गाड्या मावतात आणि पन्नास मीटरवर दोनच. मग एकूण रस्त्यातून ट्रॅफिक जातं ते त्या अरुंद जागेच्या हिशोबानंच, रुंद जागेत फक्त वाकड्यातिकड्या गाड्या लागतात, रिक्षा थांबतात आणि पुढे गेल्यावर सगळे एकमेकांच्या अंगावर येतात. रुंदी सगळीकडे सारखी करून टाकली की गाड्यांचं फारसं काही बिघडत नाही, आणि जी फालतू जागा उरते ती फुटपाथला मिळते, पार्किंगलाही आखून खाचे करता येतात. हे ज्यांना पटत नाही त्यांनी झाडाच्या बाजूला आखलेल्या पार्किंगच्या खाच्यापाशी उभं राहून बघावं, गाडी आत लागते आणि मागचं ट्रॅफिक चालू राहतं.

मग पाचवा स्टार का कापला? सांध्यांसाठी. फुटपाथ सलग असतो तोवर राजा, पण गल्ली आली, सोसायटीचं गेट आलं, हॉटेलच्या पार्किंगचं तोंड आलं की काही ठिकाणी तो खाली उतरतो आणि पलीकडे परत चढतो. तरण्याताठ्या माणसाला कळतही नाही, पण आईला प्रत्येक उतारावर माझा हात लागतो. असल्या ठिकाणी फुटपाथ आहे त्याच उंचीवर सलग ठेवायचा असतो आणि गाडीनं चढून उतरायचं असतं, म्हणजे गाडी आपोआप हळू होते आणि ड्रायव्हरला कळतं की आपण दुसऱ्याच्या जागेतून चाललोय. जिथे हे असं केलेलं असतं तिथे फरक लगेच जाणवतो, गाडीवाला थांबतो, आणि थांबून हॉर्न मारत नाही, हे जास्त महत्त्वाचं.

दुसरं ते खांब. फुटपाथच्या तोंडाशी बोलार्ड लावलेत, टू व्हीलर वर चढू नये म्हणून. हेतू चांगला, पण यात एक गोची आहे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्हीलचेअर जाईल एवढी, म्हणजे १.२ मीटरची फट कुठेतरी ठेवायला सांगितलीये, आणि त्या फटीतून स्कूटर अगदी आरामात जाते, आरसेही दुमडायला लागत नाहीत. फटी बारीक केल्या तर व्हीलचेअर आणि बाबागाडी बाहेर राहते, स्कूटरवाला तरीही तिरकी करून काढतो. म्हणजे खांबांनी हा प्रश्न सुटत नाही, तिथे दंड करणारा माणूस लागतो. संध्याकाळी सिग्नलला रांग लागली की एखादा डिलिव्हरीवाला फुटपाथवर चढतोच, त्याच्यावर चिडायचं की त्याला दहा मिनिटांत पोचायला लावणाऱ्यावर, हे मी अजून ठरवलेलं नाही, पण आई ठरवते, ती मध्ये उभी राहते आणि "उतरा खाली" म्हणते. आणि तो उतरतो!

अंध माणसांसाठीच्या उंचवट्यांच्या पट्टीबद्दल एकच सांगते, तिच्यावर बाइक लावायची नसते आणि पाणीपुरीची रांगही उभी करायची नसते. पथारीवाले फुटपाथवर नकोतच असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. रात्री नऊनंतर त्याच रस्त्यानं एकटीनं जायचं असेल तर कणीसवाल्याची शेगडी पेटलेली असणं मला दहा दिव्यांपेक्षा बरं वाटतं. त्यांना जागा आखून द्या, चालायची पट्टी सोडून, बस.

आता सायकल ट्रॅक, आणि इथे माझा सूर बदलणार आहे.

ट्रॅक फुटपाथच्याच पातळीवर, फुटपाथला चिकटून. कागदावर मस्त दिसतं, गाड्यांपासून लांब, सेफ. प्रत्यक्षात काय होतं की चालणाऱ्याला ही पट्टी वेगळी आहे हे कळायला काही कारणच नसतं, त्याला वाटतं आपला फुटपाथ अजून मोठा झाला, आणि तो बरोबरच आहे की! चालणारा ताशी चार-पाच किलोमीटरनं जातो, सायकल आरामात मारली तरी पंधरानं, म्हणजे मी त्याच्या तिप्पट वेगानं मागून येतेय आणि तो कानात इयरफोन घालून आइस्क्रीम खातोय. घंटी वाजवली की लोक दचकून नेमके ट्रॅकवरच सरकतात, लहान मुलं तर हमखास. मी त्यांना का दोष देऊ, ते चालायला आलेत आणि त्यांना चालू द्यायलाच हवं. मग मी उतरून सायकल हातात धरते, किंवा सरळ खाली रस्त्यावर जाते, बसच्या शेजारी. म्हणजे ज्या ट्रॅफिकपासून वाचवायला ट्रॅक केला त्याच ट्रॅफिकमध्ये तो मला आणून सोडतो.

शिवाय वन वे. जेएम रोड शिवाजीनगरकडून डेक्कनकडे, शेजारचा एफसी रोड उलटा. गाडीला हे ठीक आहे, पेट्रोल तिचं जळतं. सायकलवाल्याला मॉडर्नपाशी, म्हणजे शिवाजीनगरच्या बाजूला काम असेल आणि तो पुढे डेक्कनच्या बाजूला संभाजी बागेपाशी उभा असेल तर त्यानं आधी डेक्कनला जायचं, मग गुडलक चौकावरून एफसी रोडनं पूर्ण वर यायचं आणि परत खाली यायचं? कोण करतं असं? कोणीच नाही, सगळे ट्रॅकवरून उलटे येतात, मी पण येते, आणि ट्रॅक दोन्ही बाजूंच्या सायकलींना पुरेल इतका रुंद नाही. जिथे रस्ता वन वे आहे तिथे सायकलींना दोन्हीकडून जायला वाट द्यायची असते, ही पहिली गोष्ट होती करायची.

आणि ट्रॅक चौकाच्या अलीकडे संपतो. सायकलवाल्याला खरी भीती चौकात असते, मधल्या सरळ रस्त्यावर नसते. डावीकडे वळणारी बस, मागून कट मारणारी रिक्षा, सिग्नल सुटायच्या आधीच सुटलेले टू व्हीलरवाले, हे सगळं चौकात. नेमकं तिथेच ट्रॅक म्हणतो बघा बुवा आता तुमचं तुम्ही. पुण्यात ही सवय जुनी आहे, २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, सुरू झाली, त्या वेळी सातारा रोडच्या बाजूनं सायकल ट्रॅक केले होते, त्यांच्यावर नंतर काय काय उभं राहिलं ते त्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा. २०१७ मध्ये अख्ख्या शहराचा सायकल आराखडा झाला, त्याच वर्षाच्या शेवटी भाड्याच्या सायकली आल्या, पिवळ्या, केशरी, निळ्या, विद्यापीठात आणि औंधमध्ये पोरं धडाधड चालवायला लागली, मला तेव्हा खरंच वाटलं होतं की आता जमतंय. काही वर्षांत सायकली गायब. सायकली येतात-जातात हो, पण सलग वाट नसेल तर माणूस हौस म्हणून महिनाभर चालवतो आणि मग ॲक्टिव्हाची किल्ली उचलतो.

रस्ता ओलांडण्यावर वेगळा पॅरा लिहावा इतका तो विषय त्रासदायक आहे. वन वे आणि गुळगुळीत असल्यामुळे सिग्नल मोकळा मिळाला की गाड्या सुसाट सुटतात. बालगंधर्वपाशी नाटक सुटल्यावर साठीच्या पुढची सगळी मंडळी एकदम पलीकडे जायला निघतात, आणि पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा आजीबाईंच्या चालीच्या हिशोबानं लावलेला नसतो. त्या अर्ध्यात पोचतात आणि आकडे संपतात. मध्ये थांबायला उंच बेट असतं तर दोन टप्प्यांत ओलांडता आलं असतं. आणि वन वे आहे म्हणून एकाच बाजूला बघून चालत नाही, राँग साइडवाले आपले असतातच, आईनं मला लहानपणी "दोन्हीकडे बघ" शिकवलं ते इथे वन वेलाही लागू आहे. हे मी उगाच ताणत नाहीये, केंद्राच्या रस्ते मंत्रालयाच्या आकड्यांत २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पायी चालणारे रस्त्यावर मेलेत, म्हणजे अपघातात गेलेल्या दर पाच जणांत जवळपास एक. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे कोर्टाला सांगावं लागतं!

तुलना करायची तर लक्ष्मी रोड. दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो, २०२१ पासून, त्या दिवशी तिथल्या काही भागात गाड्या बंद. मी त्या दिवशी गेलेय, गर्दी तेवढीच पण आवाज नाही, माणसांचं बोलणं ऐकू येतं, दुकानदारही खूश दिसले. पण दुसऱ्या दिवशी परत तेच हॉर्न. जेएम रोडचा फायदा हा की तो ३६५ दिवस आहे, कोणी बॅनर लावो न लावो. औंधचा डीपी रोडही असाच रुंद केलाय, तिथे सुरुवातीला फुटपाथ एवढा मोठा कशाला म्हणून बरीच बोंबाबोंब झाली होती, आता त्याच फुटपाथवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा शोधावी लागते.

तर कोणी जावं: लहान मुलं, गुडघेवाली मंडळी, बाबागाडीवाले, ज्यांना काही विकत न घेता दोन तास बाहेर बसायचंय ते सगळे. रविवारी सकाळी आठच्या आत गेलात तर सायकल ट्रॅकही ट्रॅकसारखा वागतो, तेव्हा मुलांना सायकल शिकवायला नक्की न्या. रोज सायकलनं ऑफिसला जाणाऱ्यांनी त्याच्या भरवशावर रूट ठरवू नका. चारचाकी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात चालून होतं. मेट्रोचं स्टेशन संभाजी बागेच्या मागच्या अंगाला नदीकडे आहे, तिथे उतरा. सायकल न्यायचीच असेल तर कुलूप चांगलं घ्या आणि झाडाला बांधू नका, स्टँड भरलेला असतो आणि तोही बऱ्याचदा बाइकनीच.