पायथनचा फुकट सर्व्हर: आठ महिने आणि ८० रुपयांची मिसळ

ज्यांच्याकडे नाश्त्याला जातो त्या मावशींची साइट बनवत होतो. मिसळीचा दर ८० वरून १०० केला, फाईल सेव्ह केली आणि माझा मोबाइल मावशींच्या हातात दिला. स्क्रीनवर ८०. रिफ्रेश केलं. पुन्हा ८०. त्या खास साइट बघायला घरी आल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुमच्या कॉम्प्युटरला महागाई कळत नाही वाटतं."

त्या रात्री पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या या सर्व्हरला (साइटच्या फाईली ब्राउझरला देणारा प्रोग्राम) एक स्टार द्यायचा ठरवून बसलो होतो.

माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. आधी अपाचे (मोठा वेब सर्व्हर) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) दोन्ही चालू ठेवायचो, तेही नुसत्या एचटीएमएल-जावास्क्रिप्टच्या साइटसाठी. म्हणजे पाव किलो भाजीला टेम्पो. फाईलवर डबल क्लिक करून उघडावी, तर जावास्क्रिप्टचे मॉड्यूल (वेगळ्या फाईलीतला कोड) आणि फेच (दुसऱ्या फाईलीतून माहिती आणणं) चालत नाहीत. पायथन मशीनवर होताच. फोल्डरमध्ये टर्मिनल उघडायचं, पायथनला डॅश एम लावून एचटीटीपी.सर्व्हर (हाच तो सर्व्हर) चालवायचा, पोर्ट ८००० वर (पोर्ट म्हणजे पत्त्यातला दाराचा क्रमांक) साइट हजर. इन्स्टॉल शून्य, खर्च शून्य. मला आणखी काय हवं?

तर ते ८० रुपये. पहिला संशय सर्व्हरवरच. बंद केला, चालू केला, पोर्ट ८००१ केला. ८००१ वर १०० दिसले! दोन दिवस दर बदलानंतर पोर्ट बदलत बसलो, ८०१४ पर्यंत पोहोचलो होतो. हे लिहिताना लाज वाटते आहे.

उत्तर टर्मिनलमध्येच होतं. हा सर्व्हर आलेल्या प्रत्येक विनंतीची एक ओळ छापतो. ८००० वर रिफ्रेश केल्यावर मुख्य पानाची ओळ येत होती, दरांच्या जेसन फाईलची येतच नव्हती. म्हणजे ब्राउझर विचारायलाच येत नव्हता! सर्व्हर फाईलसोबत 'शेवटचा बदल कधी' ते सांगतो, पण किती वेळ जपून ठेवायची ते सांगत नाही, त्यासाठीची कॅशे-कंट्रोल हेडर ही सूचना (कॅशे म्हणजे ब्राउझरने जपलेल्या प्रती) पाठवतच नाही. मग ब्राउझर स्वतःचा अंदाज लावतो, साधारणपणे फाईलच्या वयाच्या १० टक्के. माझी दरांची फाईल २० दिवस पडून होती, सकाळी मोबाइलवर उघडून बघितली होती, म्हणजे पुढचे दोन दिवस ती ताजीच. पोर्ट बदलला की पत्ता बदलतो, म्हणून तिथे नवी दिसायची. आणि रोज हात लागणाऱ्या फाईली कधी त्रास का देत नाहीत, तेही कळलं: पाच मिनिटांच्या फाईलचे १० टक्के म्हणजे अर्धा मिनिट. जुनी, विसरलेली फाईलच नेमकी दगा देते.

त्यामुळे एक स्टारचा बेत रद्द. विचारलं तर हा प्रामाणिकपणे उत्तर देतो. फाईल बदलली नसेल तर ३०४ ('बदल नाही, जुनीच वापर') सुद्धा देतो, ३.७ आवृत्तीपासून. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला कॅशे बंद करायचा पर्याय ती खिडकी उघडी असेपर्यंतच चालतो आणि मोबाइलवर त्याचा काय उपयोग? शेवटी त्याच्याच हँडलर क्लासवरून (विनंत्यांना उत्तर देणारा कोड) दहा-बारा ओळींची फाईल लिहिली, प्रत्येक उत्तराला 'नो-स्टोअर' (जपून ठेवू नकोस) चिकटवणारी. तेव्हापासून रोज तीच चालवतो. पण ही सोय एका पर्यायाने का मिळू नये, हा राग आहेच.

बाकी गोष्टी. व्हिडिओ पुढे सरकवता येत नाही, कारण फाईलचा मधलाच तुकडा देणं याला जमत नाही. मोबाइलवर लॅपटॉपच्या आयपीने (नेटवर्कमधल्या पत्त्याने) साइट उघडली की कॅमेरा आणि सर्व्हिस वर्कर (पार्श्वभूमीत चालणारी साइटची स्क्रिप्ट) बंद. तो ब्राउझरचा नियम आहे, लोकलहोस्टला (त्याच मशीनच्या पत्त्याला) सूट मिळते, आयपीला नाही. आणि बाइंड पर्याय (कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ते सांगणारा) न देता हा सगळ्या नेटवर्कला दिसतो. म्हणूनच मोबाइलवर चालतो म्हणा, पण एकदा सामायिक ऑफिसात मी तो चुकून डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये चालू केला. इंडेक्स फाईल नसली की हा अख्खी यादी दाखवतो. माझ्या आधार कार्डाच्या स्कॅनसकट. आता बाहेर असलो की १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त माझ्याच मशीनला, बांधूनच चालवतो.

खऱ्या साइटसाठी वापरू नका, हे त्याच्या दस्तऐवजातच लिहिलंय. घरच्या कामाला साडेतीन स्टार. अर्धा स्टार त्या टर्मिनलमधल्या ओळींचा.

मावशींची साइट मार्गी लागली. परवा नाश्त्याला गेलो, बिल १०० चं आलं. मी ८० ठेवून बघितले, चाललं नाही.