चनाक्कले नौदल संग्रहालय: सामुद्रधुनी समजून घ्यायची तर इथूनच

तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीचं युद्ध (पहिल्या महायुद्धात ब्रिटिश-फ्रेंच आरमार विरुद्ध ऑटोमन तुर्क) नकाशावर कळत नाही, या काठावर उभं राहिल्यावर कळतं. चिमेनलिक किल्ल्यातलं हे संग्रहालय अगदी अरुंद भागावर आहे. समोर किलिदबहिर, मध्ये जेमतेम सव्वा-दीड किलोमीटर पाणी. दोन्ही किल्ले ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदने 15व्या शतकात बांधले. किलिदबहिर म्हणजे 'समुद्राचं कुलूप', आणि नाव अगदी चपखल आहे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो 'नुसरत' या ऑटोमन सुरुंगपेऱ्या जहाजाच्या पूर्णाकृती प्रतिकृतीला. (मूळ जहाज तारसूसला आहे.) एवढ्याशा बोटीने 8 मार्च 1915च्या पहाटे एरेनक्यॉयच्या उपसागरात 26 सुरुंग पेरले, तेही किनाऱ्याला समांतर. सुरुंगांच्या बाकीच्या रांगा सामुद्रधुनीला आडव्या होत्या. मारा करून शत्रूच्या युद्धनौका जिथे वळत, नेमकी तीच जागा निवडली होती. 18 मार्चला फ्रेंच 'बूव्हे' काही मिनिटांत बुडाली, मग ब्रिटिश 'इररेझिस्टिबल' आणि 'ओशन'.

हल्लेखोर आरमाराची खरी अडचण एकात एक अडकलेल्या दुष्टचक्राची होती. तोफा गप्प झाल्याशिवाय सुरुंग काढता येईनात आणि सुरुंग काढल्याशिवाय जहाजं तोफांजवळ जाईनात. सुरुंग काढायला आणलेले मासेमारी ट्रॉलर मार्मरा समुद्राकडून येणाऱ्या प्रवाहाविरुद्ध रांगत, वर शोधदिव्यांचा उजेड. टेकड्यांआडच्या फिरत्या हॉवित्झर (उंच कमानीत गोळे टाकणाऱ्या तोफा) तर जहाजांना दिसतही नव्हत्या.

संग्रहालय आधी पाहा, मग फेरीने किलिदबहिरला जा. भर पाण्यातून दोन्ही काठ एकदम दिसतात. तो प्रवास अजिबात चुकवू नका.